पालीचा पाय, दोडक्याचा ताणा, शिनाण्यांचा दोरा

ट्यूबलाइटच्या उजेडात छताला उलटी लटकलेली पाल किडा दिसताच झपकन धावते. तेवढ्या धावेत तिचा प्रत्येक पाय अनेकदा छताला चिकटतो आणि तितक्याच वेळा सुटतो. आपलं लक्ष जातं ते ती खाली कशी पडत नाही याकडे. पण नुसतं चिकटणं डिंकालाही जमतं. पायाला डिंक फासून कुणाला धावता मात्र येणार नाही. पालीची खरी करामत पाय उचलण्यात आहे.

म्हणून सजीवांची कुठलीही पकड समजून घेताना दोन प्रश्न जोडीनं विचारावेत: धरलंय कसं, आणि सोडायचंय कधी? क्षणोक्षणी जागा बदलणाऱ्याची पकड वेगळी, हंगामभर टिकायचं त्याची वेगळी आणि जन्मभर एकाच जागी राहायचं त्याची आणखी वेगळी. या क्रमानं पाहत गेलं की घरातली पाल, परसातला वेल आणि समुद्रातला खडक यांच्यातला धागा हाती येतो.

पाल: चिकटण्याइतकंच सुटण्याचं कौशल्य

पाल भिंतीला कशी धरते, यावर शास्त्रज्ञांनी अनेक तर्क करून पाहिले. पायातून चिकट द्रव पाझरत असेल, हा पहिला तर्क. पण तिच्या तळव्यात तसा द्रव तयार करणाऱ्या ग्रंथीच नाहीत. तळवा हवा शोषून धरत असेल, हा दुसरा. तो खरा असता तर हवा काढून घेतलेल्या जागी पकड सुटायला हवी होती. डेलिट या संशोधकाच्या 1934 मधल्या प्रयोगांत निर्वातातही ती टिकली. स्थिर विजेचा तर्कही त्यानंच निकालात काढला: क्ष-किरण सोडून आजूबाजूची हवा विद्युतभारित केली, तरी पाल चिकटलेलीच. नखांनी धरत असेल म्हणावं, तर गुळगुळीत काचेवर नख कशात रुतणार?

उत्तर तिच्या बोटांच्या खालच्या बाजूला आहे. रात्री खिडकीच्या काचेवर पलीकडून पाल आली की अलीकडून तिची बोटं नीट पाहता येतात. प्रत्येक बोटाखाली आडव्या, फिकट पट्ट्यांची रांग दिसते. साध्या डोळ्यांना एवढंच दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पट्ट्यांवर दाट केस दिसतात. आपली नखं ज्या केराटिन गटातल्या प्रथिनांची असतात, त्याच गटातल्या प्रथिनांचे हे केस. ईशान्य भारतात आणि आग्नेय आशियात आढळणाऱ्या टोके या मोठ्या पालीवर याचा सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे. तिच्या एका पायावर असे लाखो केस असतात. एका केसाची लांबी मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढी. त्याचं टोक पुन्हा शेकडो फाट्यांत विभागलेलं, आणि प्रत्येक फाट्याच्या शेवटी एक चपटं पातं. त्या पात्याची रुंदी मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाइतकी.

इतकी बारीक विभागणी कशासाठी? आपण भिंतीवर तळहात टेकवतो तेव्हा सगळा तळहात टेकला असं वाटतं. प्रत्यक्षात भिंतीचे आणि कातडीचे काही उंचवटेच एकमेकांना भिडतात, बाकी सगळी पोकळी राहते. पालीची लाखो पाती मात्र भिंतीच्या अतिसूक्ष्म खळग्यांतही पोचतात. दोन पदार्थ इतके जवळ आले, की त्यांच्या रेणूंमध्ये व्हॅन डर वाल्स बल जाणवू लागतं. रेणूतले इलेक्ट्रॉन सतत इकडेतिकडे सरकत असतात, त्यामुळे क्षणभर त्याची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन होते. शेजारच्या रेणूवर त्याचा परिणाम होतो आणि दोघं एकमेकांकडे ओढले जातात. हे बल प्रत्येक पदार्थात असतं, पण ते अगदी क्षीण आणि अंतर जरासं वाढलं तरी संपणारं. लाखो ठिकाणी एकाच वेळी स्पर्श झाला तरच त्याची बेरीज उपयोगी पडते.

अमेरिकेतल्या केलर ऑटम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये एका सुट्या केसाची पकड मोजली. तो केस सुमारे 20 मिलिग्रॅम वजन पेलू शकेल इतकी ती भरली. टोकेच्या चारही पायांवर मिळून जवळपास 65 लाख केस. सगळे एकाच वेळी पूर्ण ताकदीनं चिकटले, तर हिशेबानं 130 किलो वजन तोललं जाईल. टोकेचं स्वतःचं वजन असतं 50 ग्रॅमच्या आसपास. याच गटानं 2002 मध्ये पाणी ओढून घेणारा पृष्ठभाग आणि पाणी झिडकारणारा पृष्ठभाग असे दोन्ही तपासले. पकड दोन्हीकडे सारखीच. म्हणजे काम पाण्याच्या थराचं नव्हतं, मुख्य वाटा व्हॅन डर वाल्स बलाचाच होता.

आता दुसरा प्रश्न. 130 किलो पेलू शकणारे पाय 50 ग्रॅमची पाल उचलते कशी? हे केस मुळात न चिकटलेल्या स्थितीत असतात. पाल पाऊल टेकवते, किंचित दाबते आणि जरासं मागे ओढते. त्या ओढीनं केस वळून त्यांची पाती भिंतीला सपाट टेकतात, तेव्हा कुठे पकड बसते. सोडायच्या वेळी ती बोट टोकाकडून वर, उलट्या दिशेनं गुंडाळते. केस आणि भिंत यांच्यातला कोन साधारण 30 अंशांपलीकडे गेला की पातं आपोआप सुटतं. वहीला लावलेली चिकटपट्टी सरळ ओढली तर हलत नाही, पण एका कडेनं उचलली की सहज निघते. तोच हा प्रकार. एकेका वेळी थोडेच केस सुटत असल्यामुळे जोर लागत नाही, आणि ही क्रिया सेकंदाच्या साठाव्या-सत्तराव्या भागात आटोपते. खिडकीच्या काचेवर लक्ष ठेवलं तर बोटाचं टोक आधी वर वळताना दिसतं.

म्हणजे चिकटून राहायला पालीला काहीच कष्ट पडत नाहीत. मेलेल्या पालीच्या पायाची पकडही जिवंत पालीइतकीच भरते, असं 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळलं. शिवाय पाय धुळीनं माखले तरी स्वच्छ पृष्ठभागावर थोडी पावलं टाकली की पकड पुष्कळशी परत येते, कारण धुळीचे कण पात्यांपेक्षा काचेकडे जास्त ओढले जातात. पाण्यानं चिंब झालेल्या आणि टेफ्लॉनचा थर दिलेल्या पृष्ठभागावर मात्र पालीचं फारसं चालत नाही.

ओले पाय आणि चूषक

कोरड्या केसांऐवजी ओलाव्यावर भिस्त ठेवणारेही पुष्कळ आहेत. पावसाळ्यात आंबोलीच्या जंगलात दिसणारा मलबारी उडता बेडूक ओल्या, गुळगुळीत पानांवर वावरतो. त्याच्या बोटांच्या टोकांना गोल, चपट्या गाद्या असतात. झाडांवरच्या बेडकांच्या या गाद्यांवरच्या पेशी बहुतेक षट्कोनी असतात आणि त्यांच्यामधून बारीक चर गेलेले असतात. बेडकाचा पातळ स्राव या चरांतून पसरतो, जादा पाणीही त्यांतूनच बाजूला जातं. गादी आणि पान यांच्यामध्ये राहतो तो द्रवाचा अतिपातळ थर. त्याच्या पृष्ठताणामुळे आणि गादीच्या निकट स्पर्शामुळे बेडूक टिकून राहतो. सोडण्याची पद्धत मात्र पालीसारखीच, एका कडेनं सोलून.

आंब्याच्या झाडावर पानं शिवून घरटं करणारे लाल मुंगळे याहून पुढे गेले आहेत. त्यांच्या पायाच्या टोकाला दोन नख्या आणि त्यांच्यामध्ये एक मऊ गादी असते. पाय शरीराकडे ओढला की गादी फुगून पसरते आणि चिकटते. पाय पुढे ढकलला की ती मिटते आणि सुटते. या मुंगळ्यांना गुळगुळीत पृष्ठभागावर उलटं टांगून वजन लावलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या शंभरपटीहून जास्त वजन तोलल्याची नोंद आहे. पानांच्या कडा जवळ आणून धरणं हे ज्यांचं रोजचं काम, त्यांना एवढी ताकद लागतेच.

सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्यांना जळू ठाऊक असतेच. तिच्या शरीराच्या दोन्ही टोकांना चूषक असतात. कड टेकवायची, चिकट स्रावानं फट बुजवायची आणि मधला भाग स्नायूंनी वर खेचायचा. आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा चूषकाला दाबून धरते. पुढचा चूषक टेकला की मागचा सोडायचा, मागचा टेकला की पुढचा, अशी तिची चाल. या पद्धतीला एक मर्यादा आहे. बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोच. हवेतल्या चूषकाची ओढ सहसा त्याच्या आतच राहते. शिवाय फट राहिली की आत हवा शिरते आणि पकड जाते.

आकडे: एकाच दिशेची पकड

पृष्ठभाग खडबडीत असेल तर एवढ्या नाजूक व्यवस्थेची गरजच नसते. तिथे आकडा पुरतो. घोरपडीच्या तळव्यावर पालीसारखे केस नाहीत. तिची सगळी मदार मजबूत पायांवर आणि वळलेल्या धारदार नखांवर. कोंढाण्याचा कडा चढणाऱ्या यशवंती घोरपडीची आख्यायिका मराठी माणसाच्या मनात घर करून आहे. इतिहास म्हणून ती कुणी मानो वा न मानो, घोरपडीची नखं कपारीत घट्ट अडकतात हे मात्र खरं. पण तिला काचेच्या उभ्या भिंतीवर सोडलं तर तिथे नखाला अडकायला काहीच मिळणार नाही. पाल आणि घोरपड दोघीही सरड्यांच्याच गटातल्या, पण एकीची पकड गुळगुळीत भिंतीवर चालणारी, दुसरीची खडकावर.

वनस्पतींनी आकड्याचा उपयोग प्रवासासाठी केला. आघाड्याची फळं दांड्यावर खाली वळलेली आणि टोकाशी काटेरी असतात. धोतराचा किंवा साडीचा काठ त्यांना घासून गेला, की काटे धाग्यांत अडकतात आणि फळ दांड्यावरून निघून येतं. दांड्याशी असलेली पकड कापडाशी होणाऱ्या पकडीपेक्षा कमकुवत ठेवलेली असते, म्हणूनच हे घडतं. स्वित्झर्लंडमधला अभियंता जॉर्ज द मेस्ट्राल याच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना 1941 मध्ये अशीच काटेरी फळं चिकटली. त्यानं ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि आकडे व फासे यांची जोडी ओळखली. पुढच्या दशकात त्यातूनच वेल्क्रो आलं.

दख्खनच्या माळावरच्या कुसळी गवताची योजना आणखी सूक्ष्म आहे. त्याच्या दाण्याचं टोक अणकुचीदार असतं आणि त्यावर मागे वळलेली ताठ लव असते. त्यामुळे दाणा पुढे सहज घुसतो, मागे मात्र येत नाही. दाण्याला लांब, पिळदार कूस असते. तिच्यातल्या पेशींचे थर ओलाव्यानं सारखे फुगत नाहीत, म्हणून ओली झाली की कूस उलगडते आणि वाळली की पुन्हा पिळते. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन एवढ्या भांडवलावर ती फिरत राहते आणि दाणा मातीत रुतत जातो. मेंढीच्या लोकरीत अडकला तर तोच दाणा कातडीत शिरतो, आणि मेंढपाळाला त्याचा ताप होतो. एकदा गेलेला दाणा परत यायला नको, एवढंच गवताला हवं असतं.

दोडका: हंगामाचा आधार

परसात मांडवावर चढवलेला दोडका, काकडी किंवा कारलं यांना महिनोन्‌महिने धरून राहायचं असतं, तेही वाऱ्यात हलणाऱ्या आधाराला. त्यांचं साधन म्हणजे ताणे. वनस्पतिशास्त्रात त्यांना प्रतान म्हणतात. कोवळा ताणा हवेत हळूहळू गोल फिरत आधार शोधतो. काडी लागली की ज्या बाजूला स्पर्श झाला त्या बाजूला तो वळतो, म्हणजे स्पर्श आणखी वाढतो, आणि काही वेळात काडीभोवती वेढे पडतात.

चार्ल्स डार्विननं यावर फार चिकाटीनं काम केलं. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांचा ताण्यांवरचा एक छोटा लेख वाचून त्याला हा विषय सुचला. ग्रे यांनी पाठवलेल्या बियांपासून त्यानं वेल वाढवले, आजारपणात खोलीत कुंडी ठेवून तासन्‌तास निरीक्षणं केली आणि 1865 मध्ये वेलींच्या हालचालींवर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. कृष्णकमळाच्या कुळातल्या एका वेलीचा ताणा स्पर्शानंतर अर्ध्या मिनिटातच वळू लागतो, हे त्यानं नोंदवलं. दोन-एक मिलिग्रॅम वजनाचा दोऱ्याचा फासही त्याला जाणवत होता; पाण्याचे थेंब पडले तर मात्र तो हलत नव्हता. पावसाचा प्रत्येक थेंब आधार समजून ताणा वळला असता, तर पावसाळ्यात एकही वेल वर चढला नसता.

आधार मिळाल्यावर ताणा दुसरं काम सुरू करतो. मधल्या भागाला पीळ पडून त्याची स्प्रिंग होते आणि वेल आधाराकडे ओढला जातो. मांडवाखाली उभं राहून असा एक ताणा बोटांत धरून नीट पाहावा. अर्ध्या भागात पीळ एका दिशेनं असतो, मध्ये जरासा सरळ तुकडा येतो आणि पुढे पीळ उलट्या दिशेनं जातो. याचं कारण डार्विननं दाखवून दिलं: ताण्याची दोन्ही टोकं बांधलेली असतात. एकाच दिशेनं पीळ पडत गेला तर एक टोक गरगर फिरायला हवं, ते शक्य नसतं. म्हणून एका दिशेच्या प्रत्येक वेढ्यामागे विरुद्ध दिशेचा एक वेढा पडतो आणि हिशेब जुळतो.

2012 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी काकडीच्या ताण्यात दोन पदरी तंतूंची एक पट्टी दाखवली. तिचा एक पदर दुसऱ्यापेक्षा जास्त आकसतो, त्यातून पीळ तयार होतो. जून ताणा ओढला तर तो लगेच उलगडत नाही. आधी आणखी पिळतो आणि ओढ वाढली की जास्त विरोध करतो. म्हणूनच हलकी झुळूक आली तर मांडवावरचा वेल सैल डोलतो आणि वादळात तोच घट्ट धरून राहतो. डार्विन मुद्दाम वादळी वाऱ्यात कुंपणावरचा असाच एक वेल पाहायला गेला होता. आजूबाजूच्या फांद्या झोडपल्या जात होत्या, वेल मात्र आपल्या जागी शाबूत होता.

ताण्याला सुटण्याची सोय नसते, कारण सुटायचंच नसतं. हंगाम संपला की वेल वाळतो आणि ताणा काडीला तसाच राहतो. उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया क्रीपरच्या ताण्यांच्या टोकांना तर भिंतीला टेकल्यावर चिकट चकत्या फुटतात. टेकायला काही मिळालंच नाही तर ताणा सुकून गळतो; मिळालं तर तो जाड आणि कणखर होतो. निदान दहा वर्षं जुन्या अशा ताण्याच्या एकाच फाट्यानं दोन पौंड, म्हणजे सुमारे 900 ग्रॅम वजन तोललं, अशी डार्विनची नोंद आहे.

खडकावरचा निर्णय

पाण्याखाली चिकटणं सर्वांत कठीण. घरातला कुठलाही साधा गोंद ओल्या दगडावर धरत नाही, कारण दगडाला आधीच पाणी चिकटलेलं असतं. तरीही कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हिरवे शिनाणे हे शिंपले लाटांच्या माऱ्यात खडकाला धरून राहतात. ‘तिसऱ्या’ नावाचे शिंपले वाळूत पुरून घेतात, त्यांना ही अडचण नाही. शिनाण्यांनी मात्र उघडा खडक निवडला आहे.

शिनाणे धुताना शिंपल्यातून बाहेर आलेले राठ धागे उपटून टाकावे लागतात. तीच त्यांची दोरखंडं. शिनाण्यांना जिभेच्या आकाराचा मांसल पाय असतो. तो खडकावर टेकवून ते पाणी बाजूला सारतात आणि पायाच्या खोबणीत द्रवरूप प्रथिनं सोडतात. काही मिनिटांतच खडकाशी एक चकती आणि तिच्यापासून शिंपल्यापर्यंत एक दोरा तयार होतो. या प्रथिनांत डोपा हे अमिनो आम्ल भरपूर असतं, हे हर्बर्ट वेट यांनी 1981 मध्ये दाखवलं. पार्किन्सनच्या आजारात औषध म्हणून देतात तेच हे, आणि आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांतही ते असतं. डोपाचे रेणू खडकातल्या खनिजांना घट्ट बिलगतात. शेजारचे धनभारित घटक खडकावरचे क्षारांचे कण हटवून त्यांना वाट करून देतात. डोपा लवकर बिघडू नये म्हणून पायाखालच्या बंदिस्त जागेत आम्लता वाढवलेली असते. दोऱ्याचा शिंपल्याकडचा भाग ताणला जाणारा आणि खडकाकडचा ताठ असल्यामुळे लाटेचा धक्का मध्येच जिरतो. आणि जागा सोडायची वेळ आलीच, तर शिनाणे सगळा जुडगाच मुळापासून टाकून देतात आणि दुसरीकडे नवे दोरे विणतात.

कालवांना आणि बार्नेकलना तीही मुभा नाही. कालव आपला डावा शिंपला खडकाला कायमचा जोडतं. होड्यांच्या तळाला लागणारे, खरडून काढताना घाम फोडणारे पांढरे टोकदार कवचाचे बार्नेकलही तसेच. डार्विननं त्यांच्या अभ्यासाला 1846 पासून आठ वर्षं दिली होती. बार्नेकलच्या पिल्लाची शेवटची अवस्था काहीच खात नाही, फक्त जागा शोधते. आपल्या दोन स्पर्शिकांवर ती खडकावर चालते, एक टेकवते, दुसरी उचलते, पृष्ठभाग चाचपते, आपल्या जातीच्या प्रौढांच्या प्रथिनांचा माग घेते. पसंत पडलं नाही तर सोडून पुढे जाते; तोवर तिची पकड तात्पुरतीच असते. पसंत पडलं की ती सिमेंट सोडते, डोकं खाली करून कायमची बसते आणि उरलेलं आयुष्य पायांनी पाण्यातलं अन्न ओढत काढते. ज्याला सोडता येणार नाही, त्यानं निवडण्यातच सगळी काळजी घ्यायची असते.

माणूस काय शिकला

शिनाण्यांच्या डोपावरून ओल्या ऊतींवर चालतील असे शस्त्रक्रियेचे गोंद तयार करण्याचे प्रयत्न सुरू आहेत, कारण शरीराच्या आतही सगळं ओलंच असतं. पालीच्या केसांवरून बनवलेल्या कोरड्या पट्ट्या लावून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2014 मध्ये एका माणसाला काचेच्या उभ्या भिंतीवर चढवून दाखवलं. त्यातही नुसती पकड पुरेशी नव्हती: वजन पट्ट्यांच्या सर्व तुकड्यांवर सारखं वाटलं जावं आणि पुढचं पाऊल टाकताना पट्टी सहज सुटावी, हे दोन्ही साधावं लागलं.

चिकटणाऱ्या कुठल्याही सजीवाला आता हीच कसोटी लावून पाहता येईल. पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, कोरडा आहे की ओला, आणि त्याला इथून कधी निघायचं आहे. पहिल्या दोन उत्तरांवरून केस, चूषक, आकडे की गोंद, हे साधन ठरतं. तिसऱ्या उत्तरावरून त्या साधनाची घडण ठरते, आणि निसर्गानं सर्वांत जास्त बारकाई खर्च केलेली दिसते ती याच तिसऱ्या उत्तरावर.